पासवर्ड बदलला असता तर

फोनवर ईमेल चालू करून देणं हे काम आहे असं लातुरात कोणाला वाटत नाही. गंजगोलाईजवळच्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक काच बदलायला येतं आणि जाता जाता म्हणतं, तेवढं मेल पण टाकून द्या. जीमेल असेल तर ठीक, दोन मिनिटांत होतं. पण कंपनीच्या नावाचा, स्वतःच्या डोमेनचा मेल असला की खरं काम सुरू होतं. इनकमिंगला पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, ९९३, आउटगोइंगला ४६५ किंवा ५८७, युजरनेममध्ये नुसतं नाव न टाकता पूर्ण पत्ता. होस्टिंग, म्हणजे मेल ठेवायला भाड्यानं घेतलेली सर्व्हरची जागा, स्वस्तातलं असलं की सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट होस्टिंगवाल्याच्या नावावर निघतं, आपल्या डोमेनच्या नाही, आणि फोन अडून बसतो. तिथं बरीच पोरं ‘सगळी सर्टिफिकेटं स्वीकारा’ हा पर्याय दाबून मोकळी होतात. मला ते पटत नाही. कुलूप लावायचं आणि किल्ली कोणाचीही चालेल म्हणायचं, असा तो प्रकार आहे. मी सर्व्हरचं खरं नाव शोधून काढतो आणि तेच भरतो. वेळ लागतो, पैसे तेवढेच मिळतात.

एमआयडीसीतल्या एका डाळमिलचे शेठ आले तेव्हा मात्र फोनवर मेल आधीच चालू होता. नवा फोन घेतला तिथल्याच पोरानं आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून बघायच्या पद्धतीवर, खातं जोडून दिलं होतं आणि नीट जोडलं होतं. शेठचं म्हणणं वेगळं होतं.

“मेल यायलेत अन् गायब व्हायलेत. सकाळी फोन वाजतो, हैदराबादच्या पार्टीची ऑर्डर आलेली दिसते. अकराला उघडून बघावं तर नाही. कोणीतरी उडवायलंय. तुम्ही पासवर्ड बदलून द्या. अन् मुनीमजीला कळू देऊ नका.”

मुनीमजी शेठच्या वडिलांच्या वेळेपासून मिलमध्ये. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मेल तेच बघतात. त्यांचा भाचा दुसऱ्या एका डाळमिलमध्ये कामाला लागलेला. एवढ्यावरून शेठनं सगळा हिशोब मनात जुळवला होता. तिजोरीची किल्लीही मुनीमजींकडून काढून घेतली होती, कारण न सांगता.

पासवर्ड बदलणं हे दहा मिनिटांचं काम. मी आधी वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधून थेट सर्व्हरवरचा मेल, उघडून मागितला, कारण चोरी कशी होते हे बघितल्याशिवाय कुलूप बदलण्यात मला अर्थ दिसत नाही.

इनबॉक्स जवळपास रिकामा. ट्रॅशही रिकामा. आणि सेंट फोल्डर गच्च भरलेलं, स्पॅममध्ये जुना कचरा तसाच पडलेला. इथंच मला शंका आली. माणूस फोनवरून किंवा वेबमेलवरून मेल उडवतो तेव्हा तो बहुतेक वेळा ट्रॅशमध्ये जाऊन पडतो. लपवायचं असेल तर ट्रॅशही रिकामा करेल, मान्य. पण रोज, न चुकता, एकही मेल न विसरता? आणि स्वतः पाठवलेल्या उत्तरांना हात न लावता? फक्त इनबॉक्स झाडून न्यायचा आणि बाकीच्या फोल्डरांकडे ढुंकून बघायचं नाही, ही पीओपीची, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीची, रीत आहे. त्याला सर्व्हरवरचा इनबॉक्स तेवढाच दिसतो. तो मेल उतरवून घेतो, तसं सांगितलेलं असेल तर सर्व्हरवरून पुसतो, आणि ते पुसलेलं ट्रॅशमध्ये जात नाही.

मी शेठना विचारलं, “मिल बंद असते त्या दिवशी मेल जातात का?”

ते जरा थांबले. “नाही जात. लाइट नसली की पण राहतात.”

मग मी त्यांच्यासोबतच मिलवर गेलो. मुनीमजींनी खुर्ची सोडून मला दिली आणि बाजूला उभे राहिले. कॉम्प्युटर जुना, त्यावर आउटलुकही जुनं, खातं पीओपीवर, पोर्ट ११०, एन्क्रिप्शन नाही. म्हणजे इतकी वर्षं पासवर्ड उघडाच जात होता. आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या चौकटीत खूण नाही. हे बसवून देणारा कधीचा पुण्याला निघून गेलेला. त्याच्या काळात मेल एकाच मशिनवर बघायचे, तेव्हा हे चालूनही गेलं. पीओपी निघालं १९८४ मध्ये, एक माणूस एक कॉम्प्युटर या हिशोबानं. आयमॅप १९८६ चं, मेल सर्व्हरवरच ठेवून कुठूनही बघता यावा म्हणून. एकाच खात्यावर दोन्ही लावले आणि कोणी कोणाला सांगितलं नाही, तर हेच होणार.

तरी तोंडी सांगून शेठना पटलं नसतं. मी आउटलुक बंद केलं आणि माझ्या फोनवरून एक मेल पाठवला. शेठच्या फोनवर तो आला, त्यांनी उघडून वाचलाही. मग मुनीमजींना म्हटलं, तुम्ही रोज करता तसं करा. त्यांनी आउटलुक उघडलं, सेंड-रिसीव्ह झालं, मेल कॉम्प्युटरवर उतरला. शेठना स्क्रीन खाली ओढून ताजी करायला सांगितली. मेल गेला.

मुनीमजींनी कशालाच हात लावला नव्हता.

त्यांनी कपाटातून फाइल काढली. आलेला प्रत्येक मेल छापून, तारखेनं लावलेला. हैदराबादच्या ऑर्डरीही त्यात होत्या, वर ‘माल रवाना’ असं त्यांच्या अक्षरात. शेठनी नवा फोन आल्यापासून ती फाइल उघडली नव्हती, आणि फोनवर मेल येतात हे मुनीमजींना कोणी सांगितलं नव्हतं. ते शेठकडे बघून एवढंच म्हणाले, “म्हणून किल्ली घेतलाव का?” शेठ काही बोलले नाहीत. चहा मागवला.

पुढचं काम सरळ होतं. आधी आउटलुक ज्यात मेल साठवतं त्या पीएसटी फाइलची नक्कल पेनड्राइव्हवर, मग त्या चौकटीत खूण, मग नवा प्रोग्राम टाकून त्यात आयमॅपचं खातं. सर्व्हरवरच्या जागेत मावतील तेवढे अलीकडचे मेल परत वर चढवले.

मला झोपू देत नाही ते वेगळंच. शेठ म्हणाले तसा मी नुसता पासवर्ड बदलून दिला असता, तर ऑफिसच्या आउटलुकला खात्यात शिरताच आलं नसतं. त्याच दिवसापासून शेठच्या फोनवर मेल टिकले असते. मुनीमजींना मेलमधून काढलं आणि चोरी थांबली, एवढंच सगळ्यांना दिसलं असतं. पुरावा म्हणून दुसरं काय लागतं? पुढे कोणी शोधायला गेलं नसतं. त्या माणसाची सगळी नोकरी एका न केलेल्या खुणेपायी बदनाम होऊन संपली असती आणि ते काम माझ्या हातून झालं असतं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक सांगेल ते करून पैसे घेणाऱ्याला हुशार म्हणतात. मला याचा राग येतो.

काही दिवसांनी मुनीमजी दुकानात आले. झालं ते लिहून द्या म्हणाले. मी इंग्रजीत टाइप करायला बसलो तर थांबवलं. “मराठीत लिहा. गल्लीत कोणालाही वाचता आलं पाहिजे.” मेल कोणत्या सेटिंगमुळे जात होते, ती सेटिंग कोणी आणि साधारण कधी केली, आता काय बदललं, असं एक पान झालं. वाचून त्यांनी एक ओळ वाढवायला लावली: यात मुनीमांचा कोणताही दोष आढळला नाही. मी ती घातली, तारीख टाकली, सही करून दुकानाचा शिक्का मारला. पैसे घेतले नाहीत. किल्ली परत मिळाली का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण ते कागद घडी घालून खिशात ठेवत होते, मी विचारलं नाही.