हँड कंट्रोल पास झालं, अडलं ते बुल गार्डवर

माझ्या उजव्या पायाला लहानपणापासून पोलिओ आहे, त्यामुळे गाडी चालवायची म्हणजे हँड कंट्रोल, म्हणजे पायाऐवजी हाताने ब्रेक आणि रेस द्यायची सोय, बसवणं आलंच. ते बसवून आरसीवर चढवून घेताना काय काय करावं लागलं ते लिहितोय, कारण 'हे कायदेशीर आहे का' असं बरेच जण विचारतात. आहे, फक्त कागद पूर्ण लागतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यात मालकाने मनाने फेरफार करायचा नाही, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षी कायदा सुधारून दर फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. व्हॉट्सॅपवर एवढंच फिरतं आणि लोक घाबरतात. पण त्याच कलम 52 मध्ये अपंग माणसासाठी गाडी 'अडॅप्टेड व्हेईकल' करायची मुभा दिलीय, बदल केल्यावर आरटीओची मंजुरी घेऊन, हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

गाडी घेतली सेकंड हँड, ऑटोमॅटिक. हँड कंट्रोलच्या किटमध्ये स्टिअरिंगखाली एक लिव्हर येतो, पुढे ढकलला की ब्रेक आणि मागे ओढला की अ‍ॅक्सिलरेटर, खालून रॉडने पॅडलना जोडलेला. पॅडल तसेच राहतात त्यामुळे बायकोही तीच गाडी चालवते. ओळखीतला एक वेल्डिंगवाला म्हणाला दादा मी निम्म्या पैशात करून देतो, पण इमर्जन्सीला सगळा जोर त्याच रॉडवर येणार, तो वाकला तर संपलंच. पुण्यात वेताळ टेकडीवर ती एआरएआय आहे ना, गाड्या आणि त्यांचे भाग तपासून मान्यता देणारी संस्था, तिची मान्यता असलेलंच किट घेतलं, आणि त्या मान्यतेच्या कागदाची झेरॉक्स आरटीओत पहिल्यांदा मागतात.

गाडीवर लोन होतं म्हणून बँकेचं लेखी संमतीपत्र लागलं. यात सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण ब्रँचमधल्या मॅडमना असा अर्ज आयुष्यात पहिल्यांदाच आलेला, त्या वर विचारणार, वरचे अजून वर विचारणार. बाकी मग अपंगत्वाचं सर्टिफिकेट, किटचं बिल, मूळ आरसी, इन्शुरन्स. इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या, उद्या क्लेमच्या वेळी वाद नको. बदल केल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं हेही लक्षात असू द्या.

इन्स्पेक्शनला साहेब शेजारी बसले, मी लर्निंगवर होतो, मैदानात दोन फेऱ्या मारायला लावल्या, वेगात असताना अचानक थांबवायला सांगितलं. लिव्हर हलवून बघितला, क्लॅम्पचे बोल्ट बघितले, ठीक आहे म्हणाले. मग खाली उतरून गाडीच्या पुढे गेले आणि म्हणाले, "हे आधी काढा, मग बोलू."

मागच्या मालकाने बंपरच्या पुढे बसवलेलं स्टीलच्या पाईपचं जाडजूड बुल गार्ड! म्हणजे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातात आणणारा एवढा मोठा बदल पास आणि एका पाईपवर गाडी अडली, मला आधी हसूच आलं. पण साहेबांनी नीट समजावलं. धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चेपून मार गिळतो, तो तसाच बनवलेला असतो. गार्ड थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट केलेलं असलं की तो मार न गिळता सरळ आत येतो, सेन्सरलाही धडक वेगळी कळते आणि एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा उघडतच नाही. आणि समोर पायी चालणारा असला तर त्याचं काय होत असेल ते सांगायलाच नको. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. सीटच्या बाजूला एअरबॅग असते अशा सीटवर घट्ट शिवलेलं कव्हर चढवतात आणि एअरबॅगची वाट अडवतात, तोही असलाच प्रकार, माझ्या सीटवर नव्हतं म्हणून वाचलो.

गार्ड काढलं आरटीओच्या समोरच्याच गल्लीत, आणि ज्या दुकानात काढलं तिथेच चकचकीत नवीन गार्ड विकायला टांगलेली, 'सेफ्टीसाठी घ्या साहेब' म्हणून. मला विचाराल तर दंड लावायचाच तर आधी या दुकानांना लावा, गिऱ्हाईकाला काय कळतंय.

त्यानंतर फार त्रास झाला नाही. आरसीवर अडॅप्टेड व्हेईकल अशी नोंद आली, मग त्याच गाडीवर पक्क्या लायसनची टेस्ट दिली. आता टोलमाफीच्या फास्टॅगसाठी अर्ज टाकलाय. त्यालाही आरसीवरची हीच नोंद बघतात, नुसतं अपंगत्वाचं सर्टिफिकेट दाखवून चालत नाही, त्यामुळे नाव, नंबर, गाडीचा वर्ग सगळं आरसीवर बरोबर छापलंय ना ते हातात आल्या आल्या तपासा.