"काही अडचण?" असं विचारू नका

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात साहेबांनी "काही अडचण?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही साहेब, सगळं बरं आहे." प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात कुठलं काम सगळ्यात जास्त रखडलं?" मग गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. पुष्कळ वरिष्ठ तिसऱ्या आकड्यालाच स्वतः बोलू लागतात आणि समोरच्याच्या ओठावर आलेलं परत आत जातं.

ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे माल उशिरा येतो, म्हणून दुसरी पाळी खोळंबते, बरोबर?" वहीत तारखेसह लिहा, उत्तर कधी देणार तेही सांगा. त्या दिवशी उत्तर 'नाही' असलं तरी स्वतः जाऊन, कारणासकट द्या. ताटकळलेला माणूस पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

बडोद्यात भाषेचं भान फार जपावं लागतं. घरचं बोलणं मराठीत खुशाल करा, पण कामाचा निर्णय गुजराती, हिंदी बोलणाऱ्यांनाही त्याच वेळी, त्यांना कळेल असा सांगा. नाहीतर "आपल्या माणसांना आधी सांगितलं" ही कुजबुज जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे पोचते.

नवा नियम आणताना पक्कं काय आणि अजून तपासतोय काय, हे वेगळं सांगा. बडोदा संस्थानच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली भागात आणलं, संस्थानभर १९०६ मध्ये. नवी पाळीही आधी एकाच विभागात चार आठवडे चालवा, आणि काय जमलं नाही ते तिथल्याच कामगारांना सगळ्यांसमोर सांगू द्या.