गीतकाराचा रकाना

वाईजवळच्या एका शाळेत मी २१ वर्षं मराठी शिकवते. कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहिले नव्हते. तरी जात्यावरच्या ओव्यांवरची १३ भागांची मालिका ठरली आणि तिचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. दोन पानांत कल्पना लिहून देणं, निर्मात्याने ती वाहिनीला दाखवणं, पायलट म्हणजे नमुन्याचा भाग मंजूर होणं, सगळं दीड महिन्यात उरकलं. त्यावर लिहिण्यासारखं फार काही नाही. लिहायचंय ते एका रकान्याबद्दल. त्याने आमचा पहिला भाग तब्बल सात आठवडे अडवून धरला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

भागाबरोबर वाहिनीला क्यू-शीट द्यावी लागते. भागात जे जे संगीत वाजतं, मग ते दहा सेकंदांचं का असेना, त्याचं नाव, कालावधी, गीतकार, संगीतकार, गायक आणि हक्क कोणाकडे, असा तो तक्ता. त्यामागचं कारण मला पटतं. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क राहतो, तेव्हा शब्द कोणाचे हे वाहिनीने विचारायलाच हवं. पहिल्या भागात आमच्या पाहुण्या आजींनी नऊ ओव्या म्हटल्या होत्या. गीतकाराच्या रकान्यात आम्ही नऊ वेळा ‘पारंपरिक’ लिहिलं आणि शीट पाठवली.

आठ दिवसांनी परत आली. शेरा होता, ‘गीतकाराचे नाव द्यावे’. आम्ही पत्र लिहून समजावलं. पुन्हा परत, या वेळी ‘गीतकाराचे संमतीपत्र जोडावे’. ‘पहिली माझी ओवी, पहिला माझा नेम’ या ओळीच्या कवीचं संमतीपत्र मी कुठून आणू? ही ओळ माझ्या आजोळी म्हणत, आणि घाट उतरून कोकणात गेलं तर तिथेही म्हणतात. फोन केला की एक जण दुसऱ्याकडे पाठवायचा, दुसरा म्हणायचा, ‘मॅडम, मेल टाका.’ मेलला उत्तर नाही. इकडे एडिट तयार, प्रसारणाची तारीख दोनदा पुढे गेलेली, आणि गावातून रोज विचारणा, ‘बाई, कधी लागतंय?’

तिसऱ्यांदा शीट परत आली तेव्हा फोनवर एकाने तोडगा सुचवला. गीतकार म्हणून आजींचंच नाव टाका, त्यांचा अंगठा घ्या, प्रश्न मिटला. निर्मातेही म्हणाले, टाकून देऊ. मी थकले होते, म्हणून विचारायला गेले. आजी ओसरीवर जोंधळा निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, ‘माझ्या आयनं म्हनली, सासूबाईनं म्हनली. म्या माझी कशी म्हनू? खोटं हाय ते, बाई.’ आणि पुन्हा सूप उचललं.

त्या दिवशी मी ठरवलं की या रकान्यात खोटं नाव जाणार नाही.

पहाटेच्या एसटीने मुंबईला, वाहिनीच्या कचेरीत गेले. जाताना चार गोष्टी नेल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत; त्या संग्रहातून आमच्या नऊपैकी सहा ओव्यांची वेगवेगळ्या गावांतली रूपं मी उतरवून काढली होती. एकाच ओवीचं दोन गावांत दोन तऱ्हेचं रूप, म्हणजे ती कोणा एकीची नाही. दुसरं, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर निर्मात्याचं हमीपत्र. तिसरं, आजींचं संमतीपत्र. चौथी गोष्ट डबा, आणि तोही लागला, कारण अकरापासून चारपर्यंत मी रिसेप्शनच्या सोफ्यावर होते.

चार वाजता कायदा विभागातल्या एक बाई भेटल्या. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि पहिला प्रश्न केला, ‘गाणारीची संमती घेतलीय?’ सात आठवड्यांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस! खरा कायद्याचा मुद्दा हाच आहे. ओवीचे शब्द कोणाचेच नसले तरी तिचं सादरीकरण गाणारीचं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादर करणाऱ्याचे हक्क आले, ते ५० वर्षं टिकतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपलं नाव लागावं हा हक्कही त्याला मिळाला. त्या कायद्यातली कलाकाराची व्याख्या मी परतीच्या गाडीत वाचली. गायक, वादक, नर्तक यांच्या ओळीत कसरत करणारे आणि गारुडीसुद्धा आहेत. मला भरून आलं.

अडचण कुठे होती ते मग कळलं. त्यांच्या संगणकात गीतकाराची नावं यादीतून निवडावी लागतात आणि त्या यादीत ‘पारंपरिक’ हे नावच नव्हतं. त्या बाईंनी कोणाला तरी फोन केला, यादीत शब्द चढला. दहा मिनिटं लागली. सात आठवडे आमच्याशी बोललेल्या एकानेही हे सांगितलं नव्हतं.

म्हणून कोणी पहिल्यांदा कार्यक्रम करत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे. क्यू-शीटचा कोरा नमुना चित्रीकरणाआधी मागून घ्या आणि अडेल असं वाटतं त्या रकान्याबद्दल तेव्हाच लेखी विचारा. संमतीपत्र त्याच दिवशी, त्याच अंगणात, मराठीत. वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि तोंडी होकार कॅमेऱ्यावरही घ्या.

आणखी काही, आठवेल तसं. बारीक रेघांची साडी नको, पडद्यावर रेघा थरथरतात. माझी पहिल्या दिवशीची इरकली त्यापायी बदलावी लागली. माइक जरीच्या काठाला घासला की खरखर येते. जातं रिकामं फिरवायला लावू नका, दगडावर दगड घासून आवाज कर्कश होतो आणि जातंही खराब होतं. दाणे घालूनच दळू द्या. जात्याची घरघर आणि गळा यांना दोन वेगळे माइक हवेत. अर्ध्या तासात जाहिराती वगळून आमच्या हाती २२ मिनिटं होती, तेव्हा प्रश्न थोडे ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, पाहुणीला आदल्या दिवशी सगळी गोष्ट विचारू नका. मी विचारली होती. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर आजी म्हणाल्या, ‘काल सांगितलं की तुमाला,’ आणि तो प्रसंग तसा पुन्हा आलाच नाही.

भाग लागला त्या संध्याकाळी मी आजींच्या घरी होते. शेवटी नाव आलं, नातीने मोठ्याने वाचलं. आजींनी विचारलं, ‘आन् सासूबाईंचं?’ ते आम्ही लिहिलंच नव्हतं. पुढच्या बारा भागांच्या संमतीपत्रात मी एक ओळ वाढवली: ‘ही ओवी कोणाकडून शिकलात?’ त्या ओळीतली नावं आता आमच्या प्रत्येक भागाच्या शेवटी येतात.