‘तिथे पक्षी नाही’ एवढंच लिहून द्यायचं होतं

माझा धंदा ऐकण्याचा. पूर्वी नाशकात रविवार कारंज्याजवळ माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. भजनी मंडळं, जागरण-गोंधळ, पुढाऱ्यांच्या प्रचाराच्या कॅसेट, काय वाट्टेल ते. कॅसेट गेल्या, सीडी गेल्या, मागोमाग स्टुडिओही गेला. आता घरच्या मागच्या खोलीत हेडफोन लावून बसतो आणि तमिळनाडूतल्या पळनी डोंगरातले पक्षी ऐकतो. तिथे झाडांना पत्त्यांच्या कॅटएवढी यंत्रं बांधलेली असतात. ती ठरल्या वेळी चालू होतात, आवाज टिपतात आणि बंद होतात. कार्डं खाली आली की फाइली माझ्याकडे येतात. कितव्या मिनिटाला कोण बोललं, हे मी तक्त्यात भरतो. सोसायटीतल्या बहुतेकांच्या मते मी दिवसभर गाणी ऐकतो.

पळनीचे पक्षी इतके जपून का ऐकायचे, हे त्या जागेशिवाय कळत नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे, साधारण 1400 मीटरच्या वर, दऱ्यांच्या कुशीत बुटक्या, शेवाळलेल्या झाडांची रानं आहेत. त्यांना शोला म्हणतात. दोन शोलांच्या मध्ये उघडा गवताळ माळ. काही पक्षी फक्त या उंचीवरच जगतात. खाली गरम, कोरडी दरी आली की त्यांचं जग संपलं. पलीकडच्या डोंगरावरचे त्यांचे भाऊबंद लाखो वर्षांपूर्वीच तुटलेले. शोलातल्या शोलाकिली या छोट्या पक्ष्याचंच घ्या: पालघाट खिंडीच्या उत्तरेची शोलाकिली वेगळी आणि दक्षिणेची वेगळी. 2017 साली शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांना ‘शोलिकोला’ असं स्वतंत्र प्रजातीनाम (genus) दिलं आणि अगदी दक्षिणेच्या अशाम्बू डोंगरातली शोलाकिली ही नवी जात म्हणून नोंदवली. मी ऐकतो ती पांढऱ्या पोटाची शोलाकिली. चिमणीच्या मापाचा, निळ्या-राखाडी पाठीचा पक्षी, जमिनीलगत पालापाचोळ्यात किडे शोधणारा. दिसतो कमी, गातो भरपूर.

त्याच डोंगरात चिलप्पन नावाचा पक्षी आहे. त्याच्या शास्त्रीय नावात फेअरबँक हा मिशनरी आहे, जो राहायचा आपल्या नगर जिल्ह्यात, नेवाशाजवळच्या वडाळ्याला. माझं आजोळ तिकडचं, म्हणून हे उगीच सांगून टाकलं.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. प्रकल्पावर काम करणारी संशोधक मुलगी कोल्हापूरकडची. मला दादा म्हणते. तिने फोनवर सांगितलं, “दादा, एका उतारावरचं वॅटल काढून गवत परत आणायचं चाललंय. त्याआधी तिथे शोलाकिली नाही एवढं ऐकून लिहून द्या. नसणारच आहे, पण कागद लागतो.”

वॅटल म्हणजे ऑस्ट्रेलियातून आणलेली बाभळीच्या जातकुळीतली झाडं. सालीत टॅनिन असतं, ते कातडी कमवायला लागतं. शिवाय जळण. त्या नादात माळांवर वॅटल, निलगिरी आणि पाइन लावत सुटले. उपग्रहाची चित्रं तपासून केलेल्या एका अभ्यासानुसार 1973 ते 2014 या काळात पळनीतला दोन-तृतीयांश गवताळ माळ नाहीसा झाला. गवतावरच जगणाऱ्या निलगिरी पिपिटसारख्या पक्ष्याला तिथे उभं राहायला जागा उरत नाही.

हे आमच्या शेजारच्या काकांना सांगताना माझी दमछाक झाली होती. नाशकात तेव्हा कुंभमेळ्याची तयारी सुरू होती, झाडं तोडण्याचा विषय निघाला की लोक हमरीतुमरीवर यायचे. काका म्हणाले, “म्हणजे तुम्ही झाडं तोडून पक्षी वाचवणार? छान!” मी म्हणालो, “काका, तिथे मुळात झाडं नव्हतीच.” त्यांना काही ते पटलं नाही. खरं सांगायचं तर नुसतं झाड मोजणाऱ्या माणसाला माळ ही मोकळी पडलेली जागाच वाटते. यात काकांचा काय दोष? सरकारी कागदांवरही कित्येक वर्षं असे माळ पडीक म्हणूनच चढत आले.

त्या उतारावर दोन यंत्रं होती. एक वॅटलच्या मधोमध, दुसरं खाली ओढ्याकाठच्या शोलात. फाइली आधी संगणकाच्या चाळणीतून जातात. संगणक प्रत्येक आवाजाला खात्रीचा आकडा देतो, 0 ते 1. आमचा नियम होता की 0.5 च्या खाली ते सोडून द्यायचं. वॅटलमधल्या यंत्रावर शोलाकिली म्हणून थोड्याच नोंदी होत्या आणि सगळ्या 0.3 च्या आसपास. नियमाप्रमाणे मला ‘नाही’ लिहून मोकळं होता आलं असतं.

पण कागद लिहून द्यायचा तर कानांनी ऐकलेलं बरं. वरच्या मजल्यावर फरशी फोडणं चालू होतं, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर बसलो. पहिला संशय शीळकरी कस्तुरावर. हा पक्षी आपल्याकडे अंजनेरीला, त्र्यंबकच्या धबधब्यांवर पावसाळ्यात मनसोक्त शीळ घालतो, आणि पळनीतही आहे. पण त्याची शीळ माणसासारखी, निवांत, मध्येच सूर हरवल्यासारखी. इथला आवाज घाईचा होता, वर चढणारा, मध्ये बारीक खरखर. शोलाकिलीच.

मग दुसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने खरा प्रश्न: ती गातेय कुठे? खालच्या शोलातून आवाज वर येत असेल तर वॅटलमध्ये पक्षी नाही हेच खरं. यंत्राला त्यातलं काही कळत नाही, त्याला आवाज म्हणजे आवाज. पण स्टुडिओत बसलेल्या माणसाला गायक माइकपासून वीतभर आहे की खोलीच्या दाराशी, हे डोळे मिटून सांगता येतं. लांबून आलेल्या आवाजातली वरची पट्टी वाटेतली पानं खाऊन टाकतात आणि मागे घुमारा चिकटतो. संगणकाच्या पडद्यावर तो आवाज पुसट, पसरलेल्या रेघांसारखा दिसतो. ही शोलाकिली हळू आवाजात गात होती, म्हणून आकडा कमी. पण रेघा काठावर धारदार होत्या आणि घुमारा जवळपास नव्हता. म्हणजे पक्षी जवळ होता, फक्त दबक्या आवाजात गुणगुणत होता. खालच्या यंत्राची त्याच वेळची फाइल उघडली. तिथे तो सूर नव्हताच. तिथे दुसरीच शोलाकिली मोठ्याने गात होती.

आता झोप उडाली. त्या यंत्राच्या सकाळच्या सगळ्या फाइली आवाज वाढवून ऐकायला घेतल्या. वाऱ्याखाली, पाण्याच्या थेंबांखाली, बारीक खडखड येत होती. कोरडं पान उलटल्याचा आवाज, थोडं थांबून पुन्हा. शोलाकिली अशीच चरते. मग सात-सव्वासातच्या फाइलीत मी कधीच नोंदवला नव्हता असा आवाज आला: चिरका, एकसुरी, दोन गळ्यांतून जवळजवळ एकदम, दर पाच-सात मिनिटांनी उठणारा आणि लगेच थांबणारा. बायको पाणी घ्यायला उठली होती. तिला हेडफोन दिला. तिने क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, “अहो, पिल्लं भुकेली आहेत ही.” माझा अंदाज तोच होता, पण तिने तो इतक्या सहज सांगितला की मला हसूच आलं.

सकाळी त्या मुलीला तुकडे कापून पाठवले. ती एरवी शंका काढण्यात पटाईत. यावेळी तिने एवढंच विचारलं, “वरचंच यंत्र ना, दादा? नक्की?” आणि त्याच दिवशी वर गेली. वॅटलमधून जाणाऱ्या जुन्या पायवाटेच्या कापलेल्या बांधात, मुळांच्या आड, एक भोक होतं. चोचीत अळी घेऊन पक्षी आत शिरताना तिने पाहिला. फोटो काढला नाही, लांबूनच परतली. ते मला फार आवडलं.

पिल्लं तिथे कशी, हेही तिच्या वर्णनातून उलगडलं. ओढ्याच्या अंगाचं वॅटल म्हातारं झालं होतं आणि त्याच्या सावलीत शोलाची रोपं कमरेच्या वर आली होती. पळनीत हे बऱ्याच जणांनी पाहिलंय: शोला शेजारी असेल तर पक्षी आणि जनावरं बिया आणतात आणि परक्या झाडांखालीच जुनं रान पुन्हा उगवू लागतं. पक्ष्याला कुठलं झाड याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला खाली दाट सावली, ओल आणि पालापाचोळा हवा. त्याच उतारावर वरच्या अंगाला मात्र वॅटल कोवळं, खाली गवताची पाती अजून जिवंत, आणि तिथे ते काढलंच पाहिजे. उशीर झाला तर गवत मरतं आणि वॅटलचं बी मातीत कित्येक दशकं दबा धरून राहतं.

माझ्या तक्त्यात रकाना होता ‘आहे / नाही’. मी ‘आहे’ला खूण केली आणि शेजारी लिहिलं: यंत्राजवळ, जमिनीलगत, पिल्लांसह. वादावादी झाली म्हणतात. शेवटी ओढ्याकडचा पट्टा वगळला, बाकीच्या उतारावरही करवत विणीचा हंगाम उलटल्यावरच चालवायची ठरली, आणि सुरुवात वरून, गवताच्या कडेने.

त्याचा एक परिणाम माझ्या डोक्यावर बसला. 0.5 च्या नियमाने आधी ‘नाही’ ठरवलेल्या वॅटलमधल्या सगळ्या जागा पुन्हा ऐकायच्या ठरल्या. हार्ड डिस्क कुरिअरने आली, तीही फरशीवाले परत आलेले असताना. आतापर्यंत दोन जागा ‘नाही’तून बाहेर आल्या आहेत. तिसरीवर मी दोन रात्री घालवल्या, आणि तो शीळकरी कस्तूर निघाला.