अलास्काच्या बंदरांतून फोल्डिंग सायकलवर : जहाजावर काम करणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात सिएटलहून अलास्काला फेऱ्या करणाऱ्या क्रूझ जहाजावर मी रेस्टॉरंट विभागात काम करतो. न्याहारी आटोपल्यावर, दुपारची पाळी नसेल त्या दिवशी, संध्याकाळच्या जेवणाच्या तयारीपर्यंत चार-पाच तास हाती राहतात. तेवढ्या वेळात पायी फिरणारा धक्क्यासमोरच्या दुकानांपलीकडे जाऊ शकत नाही आणि दर आठवड्याला टॅक्सी करणे आपल्या पगारात बसत नाही. या हंगामात मी सायकल सोबत नेली. मुंबई, गोवा आणि सिंधुदुर्गातून या नोकरीवर येणाऱ्यांना माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा, अशी मनापासून इच्छा आहे.

सायकल निवडताना रस्त्याच्या आधी जहाजाचा विचार करावा. दोघांच्या केबिनमध्ये मोकळी जागा फारच थोडी असते आणि आगीच्या नियमांमुळे कॉरिडॉरमध्ये काहीही ठेवता येत नाही. काही जहाजांवर सायकलींसाठी वेगळी जागा व नोंदवही असते, काहींवर परवानगीच मिळत नाही. म्हणून साइन ऑन करण्यापूर्वीच, म्हणजे जहाजावर रुजू होण्याआधी, कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. १६ इंची चाकांची, चांगली घडी होणारी सायकल मला सर्वांत योग्य वाटते. तिची लांबी, रुंदी आणि उंची मिळून साधारण १५० सेंटिमीटर भरतात, त्यामुळे बहुतेक विमान कंपन्यांच्या १५८ सेंटिमीटरच्या मर्यादेत ती बसते. २० इंची चाकांची सायकल सहसा बसत नाही. वजन ११-१२ किलोंपेक्षा जास्त नसावे. अलास्कात भरती-ओहोटीचा फरक मोठा असल्याने सकाळी सपाट असलेला गँगवे (जहाजातून धक्क्यावर उतरण्याचा पूल) दुपारी चांगलाच चढा झालेला असतो आणि सायकल हातात घेऊनच तो चढावा लागतो. बॅटरीवरच्या सायकलीचा विचारही करू नये, कारण लिथियम बॅटरीच्या आगीचा धोका विमान आणि जहाज दोन्हीकडे गांभीर्याने घेतला जातो.

माझ्या मते या मार्गावरचे सर्वांत सुंदर सायकलिंग जूनोला आहे. धक्क्यापासून मेंडेनहॉल हिमनदी सुमारे २० किलोमीटरवर आहे. एगन ड्राइव्ह या मोठ्या रस्त्याने शहराबाहेर पडल्यावर त्याला समांतर जाणारा जुना ग्लेशियर हायवे धरावा, लेमन क्रीक ओलांडावे आणि मेंडेनहॉल लूप रोडने आत वळावे. चढ सौम्य आहेत, तरी लहान चाकांवर एका बाजूला दीड तास धरावा. माहिती केंद्राजवळ सायकलला कुलूप लावून नगेट धबधब्यापर्यंत सव्वा-दीड किलोमीटर चालत जाता येते. हे केंद्र १९६२ साली उघडले. तेव्हापासून हिमनदी इतकी मागे सरकली आहे, की केंद्रासमोरचे विस्तीर्ण तळे पाहताना पूर्वी यातील बराच भाग बर्फाखाली होता यावर विश्वास बसत नाही. मी तेथे बराच वेळ नुसता उभा राहिलो. जुलैपासून जवळच्या ओढ्यात सामन मासे चढू लागतात आणि त्यांच्यामागे काळी अस्वले येतात. पिशवीत खाण्याचे काही ठेवू नये. तसेही जहाजावरची फळे किंवा मांस अमेरिकेत किनाऱ्यावर नेण्यास मनाई आहे.

स्कॅगवेला डाईकडे जाणारा सुमारे १५ किलोमीटरचा रस्ता प्रसिद्ध असला, तरी तो खडीचा आणि चढ-उतारांचा आहे. लहान चाकांनी त्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी सोन्याच्या शोधाच्या काळातील दफनभूमी आणि तिच्यामागचा रीड धबधबा पाहावा, ते अंतर थोडे आहे. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला पावसाचे नवल नाही, परंतु हा पाऊस थंड असतो आणि हातमोजे नसतील तर ब्रेक दाबणाऱ्या बोटांना कळ लागते. दक्षिणेला चार किलोमीटरवर सॅक्समन हे त्लिंगित लोकांचे गाव आहे. तेथील कोरीव टोटेम खांब पाहण्यासाठी भिजण्याचे सार्थक होते. कॅनडातील व्हिक्टोरियाला जहाज बहुधा संध्याकाळी लागते, म्हणजे आमच्या विभागाच्या ऐन कामाच्या वेळी. इतर विभागांतील मित्रांनी तेथे डॅलस रोडवरून समुद्राकाठाने जावे. मात्र हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे.

वेळेच्या बाबतीत मी अंतर पाहत नाही, परतीची वेळ आधी ठरवतो. कर्मचाऱ्यांची परत येण्याची वेळ प्रवाशांच्या आधीची असू शकते, म्हणून गँगवेवरचा फलक वाचूनच निघावे. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे आणि मोबाइल स्वतःहून वेळ बदलतो. मनगटावरचे घड्याळ नेहमी जहाजाच्या वेळेवर ठेवावे. पंक्चर झाल्यास काय करायचे याचे उत्तर तयार असावे : अर्धा तास दुरुस्तीला, नाहीतर सायकलची घडी करून बस किंवा टॅक्सी. टॅक्सीपुरते डॉलर आणि जहाजाचे ओळखपत्र नेहमी जवळ असावे. आयपीएमची (जहाज बंदरात असताना आणीबाणीसाठी जहाजावरच थांबण्याची) पाळी असलेल्या दिवशी जहाज सोडता येत नाही, त्यामुळे महिन्याचा तक्ता हाती आला की जूनोचे दिवस प्रथम तपासावेत. दुपारची सुट्टी हा पुष्कळदा आपल्या विश्रांतीच्या तासांचाच भाग असतो. रात्री झोप पुरी झाली नसेल तर लांबचा पल्ला टाळावा.

खाऱ्या हवेत साखळी आणि बोल्ट फार लवकर गंजतात. दर फेरीनंतर कोरड्या फडक्याने पुसून साखळीला तेलाचे थोडे थेंब द्यावेत. फवाऱ्याचा डबा आणू नये. हत्यारांच्या संचात सुरी नसावी, म्हणजे गँगवेवरच्या तपासणीत तो अडकत नाही. कॉन्ट्रॅक्ट संपताना सायकल घरी नेणे अवघड वाटले, तर नव्याने आलेल्या सहकाऱ्याला रास्त किमतीत द्यावी आणि नोंदवहीत आपल्या नावाजागी त्याचे नाव लिहून घ्यावे.