बीएड झालेलं असताना परत डीएलएडला बसले

गोव्यात आमच्या डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत मी शिकले, पहिली ते चौथी चार वर्ग आणि बाई एकच. तेव्हापासून मला शिकवायचं होतं ते लहान पोरांनाच. मराठी घेऊन बीए केलं आणि बीएडला गेले, कारण तेव्हा सगळे सांगायचे की बीएडवर प्रायमरीला पण लागता येतं. ते काय खोटं नव्हतं, 2018 मध्ये एनसीटीईने, म्हणजे शिक्षकांच्या पात्रतेचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, तसं नोटिफिकेशनच काढलेलं, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स केला की झालं. आणि मग 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की प्राथमिकच्या वर्गांना बीएड चालणार नाही. माझं बीएड होऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्या रात्री मी जेवले नाही. दोन वर्षं गेली, बाबांचे पैसे गेले, आणि चूक कोणाची तर कोणाचीच नाही.

बाबांनी एवढंच विचारलं, अजून दोन वर्षं तुला झेपतील का. आपल्याला झेपतील का असं नाही विचारलं. ते माझ्या मनात राहिलं आणि 2024 ला मी पर्वरीच्या डायटमध्ये, म्हणजे सरकारच्या जिल्हा शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत, डीएलएडला प्रवेश घेतला, प्राथमिक शिक्षकांचा दोन वर्षांचा डिप्लोमा. वर्गात बहुतेक पोरं बारावी होऊन आलेली, मला ताई म्हणायची. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पणजीची बस, पर्वरीला उतरायचं, त्यात तिथे फ्लायओव्हरचं काम सुरू झालेलं त्यामुळे धूळ आणि ट्रॅफिक, पोहोचेपर्यंतच जीव दमायचा.

पहिले दोन महिने मी रागातच बसत होते. टाचण काढायला येतं, पाठ घेता येतो, हे सगळं परत कशाला? पण हळूहळू कळलं की मला जे येत होतं ते आठवी-नववीचं होतं. तुकोबांचा अभंग नववीला कसा शिकवायचा ते बीएडला शिकले, पण सहा वर्षांच्या पोराला 'ग' हे अक्षर आणि 'ग' हा आवाज एकच आहे हे कसं उमगतं, अआइई सोडून गमभनने सुरुवात का करतात, ते मला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. आणि इथे घरी कोकणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, म्हणजे पोरगं गप्प बसलं तर त्याला येत नाही की त्याला शब्द सापडत नाही हे आधी ओळखावं लागतं.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप असते, 16 आठवडे. मला मिळालेली शाळा सत्तरी तालुक्यातली, कुळागरांच्या म्हणजे पोफळीच्या बागांच्या मध्ये, तिसरी-चौथी एकाच खोलीत. तिथली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिसरीच्या एका मुलाने पाटीवर 32 वजा 17 केलं आणि उत्तर लिहिलं 25. मी लगेच खोडायला हात पुढे केला, पण डायटमधल्या मॅडमनी सांगितलेलं की चुकीचं उत्तर दिसलं की आधी विचारा, खोडू नका. म्हणून विचारलं कसं केलंस. तो म्हणाला, "सातांतल्यान दोन काडले, पांच. तिनांतल्यान एक काडलो, दोन. व्हडांतल्यान ल्हान काडटात न्ही टीचर?" मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्याला कोणीतरी दिलेला आणि तो अगदी इमानदारीने पाळत होता. मला एकदम धस्स झालं, कारण मी घरी ट्यूशन घ्यायची तेव्हा हेच वाक्य मीपण पोरांना सांगितलेलं, कितीतरी वेळा.

दुसऱ्या दिवशी घरून माडाच्या झावळीचे हीर काढून नेले, सारखे कापून, दहा-दहाच्या जुड्या रबर बँड लावून. तीन जुड्या आणि दोन सुटे त्याच्यासमोर ठेवले, म्हटलं यातले सतरा मला दे. त्याने एक जुडी दिली, दोन सुटे दिले आणि थांबला. बराच वेळ हातातल्या जुडीकडे बघत बसला. मी काही बोलले नाही, आणि हे न बोलणंच मला सगळ्यात कठीण गेलं. मग त्याने स्वतःच रबर ओढून काढलं, हीर जमिनीवर पसरले, त्यातले पाच मोजून दिले आणि उरलेले मोजले, पंधरा. पाटीवरचं 25 त्याने स्वतः पुसलं. हातचा घेणं म्हणजे काय ते त्या पोराला त्या दिवशी कळलं आणि खरं तर मलापण.

आता सीटीईटीचं, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचं. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, 150 प्रश्न, 150 मार्क, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. ओपनला 60 टक्के म्हणजे 90 मार्क लागतात. बालविकास, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी 30. डिसेंबर 2024 ला पहिल्या वर्षात असतानाच दिली, 86 आले. चार मार्कांनी गेलं. मी गणिताची पुस्तकं घोटून गेलेले, पियाजे आणि वायगॉट्स्की या बालमानसशास्त्रज्ञांची नावं पाठ केलेली, पण नीट बघितलं तर बालविकासाचे 30 आणि बाकी चार विषयांचे निम्मे-निम्मे, असे 90 मार्क पोरं कशी शिकतात आणि आपण कसं शिकवायचं यावरच असतात. तेवढं धरून अभ्यास करा, हे मी सगळ्यांना सांगते. आणि 2025 ला परीक्षाच झाली नाही, थेट फेब्रुवारी 2026. मधल्या काळात इंटर्नशिप झाली आणि दुसऱ्यांदा पेपर हातात आला तेव्हा मुलाच्या चुकीवरचे प्रश्न वाचताना मला तो मुलगा आणि त्याचे हीर दिसत होते. यावेळी 108 आले.

भाषेचं एक मनाला लागतं. सीटीईटीच्या 20 भाषांत मराठी आहे पण कोकणी नाही. माझी मैत्रीण कोकणी शाळेत शिकवणार, पण पेपरात तिला मराठी आणि इंग्लिश घ्यावी लागली. गोव्यातल्या पोरांसाठी परीक्षा देतोय तर कोकणी असायलाच हवी होती असं मी मराठीची असूनही म्हणते.

इंटर्नशिपच्या शाळेतल्या बाई वीस वर्षांहून जास्त शिकवतायत. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने आणखी एक निकाल दिला, रिटायर व्हायला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या शिक्षकांनापण दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागेल. ती बातमी कळली त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई डबा न उघडताच बसून होत्या. मग मला म्हणाल्या, "गो, तुझ्या त्या नोट्स दाखव बघू." दोन वर्ग एका फळ्यावर सांभाळणारी बाई, तिच्या एका नजरेने पोरं शांत होतात, तिला परीक्षेची भीती वाटावी याचं मला फार वाईट वाटलं.

आता रविवारी मी त्यांच्या घरी जाते. सकाळी मी त्यांना बालविकासाचे प्रश्न सोडवून दाखवते, आणि चहा झाला की त्या मला शिकवतात की तिसरीला गणित देऊन चौथीला वाचायला कसं बसवायचं, कुठला वर्ग आधी मोकळा होतो, पावसात लाईट गेली की काय करायचं. माझी वही त्यांच्या वहीपेक्षा लवकर भरतेय.