कूलर, पियानो आणि कानावरची गादी

जळगावात मे महिन्यात पियानो वाजवायचा तर रात्री जेवणं आटोपल्यावरच. दिवसा पारा 45 च्या आसपास घुटमळतो आणि आमच्या वरच्या मजल्याच्या भिंती दिवेलागणीनंतरही तव्यासारख्या तापलेल्या असतात. रात्री जरा जीव थाऱ्यावर येतो, पण तोवर घर झोपलेलं असतं. खाली घरमालकीण मावशीही झोपलेल्या असतात. म्हणून हेडफोन. डिजिटल पियानो घेताना मला त्याचा हाच सगळ्यात मोठा गुण वाटला होता. लहानपणी घरात वडिलांची पेटी होती. भजनी मंडळातून आली की ती माझ्या ताब्यात. पण पेटीला आवाज बारीक करायची सोय कुठली? सूर चुकला की माझ्याआधी गल्लीला कळायचं.

हेडफोन म्हणजे काय, कानाला लावला की झालं, अशी माझी समजूत. लेकीचा ब्लूटूथवाला घरात होताच. पियानोवरही ब्लूटूथची खूण होती. अर्धा तास झटल्यावर माहितीपुस्तक उघडलं. ते ब्लूटूथ फोनमधली गाणी पियानोच्या स्पीकरवर वाजवायला होतं. पियानोचा आवाज बाहेर पाठवणं त्याच्या कामात बसत नव्हतं, आणि बहुतेक पियानोंत हीच तऱ्हा असते. मग जॅकमध्ये लावायचा एक छोटा ट्रान्समीटर आणला. आवाज आला, पण उशिरा.

अशा जोडणीत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज मागे पडतो. सिनेमा बघताना तो खपून जातो. वाजवताना नाही, कारण तेवढ्या वेळात हवेतून आवाज जवळजवळ 70 मीटर जातो. म्हणजे भुसावळच्या फलाटावर गाडीच्या तोंडाशी उभं राहून मी कळ दाबायची आणि सूर तीन डबे मागून यायचा. बोटं कानाची वाट बघायला लागतात आणि बंदिशीचं मातेरं होतं. त्या रात्री एक धडा घेतला: वाजवायचं असेल तर वायरच.

वायरवाला शोधायला गोलाणी मार्केटात गेलो. दुकानदार पोरगा उत्साही होता. ‘भो, बास ऐका, छाती हलते.’ हलली खरी. घरी येऊन वाजवलं तर डावा हात उजव्याच्या उरावर बसलेला. पियानोच्या सगळ्यात खालच्या पट्टीचा मूळ सूर असतो 27.5 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा, वरच्या टोकाचा 4,186 चा. या दोन टोकांमधल्या 88 पट्ट्या आपापल्या जागी राहिल्या की पियानो. त्यातल्या खालच्या बारा-पंधरांनाच कुणी खुराक घालायला लागलं की ते लग्नाच्या वरातीतलं वाहन होतं.

मग एका मित्राचा क्लोज्ड बॅक हेडफोन आठवडाभर वापरून बघितला. बाहेरून पूर्ण बंद, स्टुडिओत वापरतात तसला. आवाज नितळ, बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. पुण्या-नाशकात मी तोच घेतला असता. खानदेशात दहाव्या मिनिटाला रेक्झिनच्या गाद्यांखाली कान उकडायला लागले. विसाव्या मिनिटाला हेडफोन काढला तर चिकटपट्टी सोडवल्यासारखा फट्‌ आवाज आला.

म्हणून ओपन बॅक. याच्या पाठीला जाळी असते, हवा खेळते. सूर डोक्याच्या आत न घुमता समोरच्या लाकडातून उठल्यासारखा येतो. काही पियानोंत हेडफोनची पिन खोचली की वाजवणाऱ्याच्या कानांच्या जागी माइक ठेवून घेतलेला आवाज सुरू होतो. तो अशा हेडफोनवर ऐकावा. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पिन नीट बसली नाही समजून स्पीकरवर हात ठेवून बघितला.

पण जाळीतून हवा येते तसा कूलरही येतो. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

आमचा कूलर पत्र्याचा, मोठ्या टाकीचा. चालू झाला की वाटतं मालगाडी दारात आली. त्याच्या पंख्याचा घोंघाट सवयीचा आहे, पण त्याखाली मोटरीचा एक बारीक, सलग गुंग असा सूर असतो, तो मला हेडफोन लावल्यावरच कळला. आपली वीज 50 हर्ट्झची, मोटर गुणगुणते दुप्पट, म्हणजे 100 वर. पेटीवाल्यांच्या भाषेत पट्टीचं नाव म्हणजे तिचा रंग आणि सप्तकातला क्रम. मधल्या पांढरी एकच्या खाली दीडेक सप्तकावर जी पांढरी पाच आहे ती 98 ची, आणि तिच्या शेजारची काळी चार जवळजवळ 104 ची. कूलर दोघींच्या मधे, पांढरी पाचला जरा जास्त चिकटून. ती पट्टी धरून ठेवली की सेकंदाला दोनदा सूर फुगतो आणि ओसरतो. वाँव, वाँव. तानपुरा किंचित उतरला की जसा त्रास होतो तसा. आठ दिवस मी डाव्या हातानं ती पट्टी टाळूनच वाजवत होतो. आवाज वाढवून कूलर झाकता आला असता, पण कान काही बाजारात मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास, आणि तिथून पुढे आवाज थोडा जरी वाढवला तरी तास झपाट्यानं कमी होतात.

शेवटी मधला मार्ग निघाला: सेमी ओपन, म्हणजे अर्धवट उघड्या पाठीचा, एकेजी कंपनीचा के-240. हवा थोडी, कूलर थोडा. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप; हा 55 ओहमचा असल्यामुळे पियानोचा जॅक त्याला आरामात ओढतो. 250-300 ओहमवाले चांगले असतात, पण पियानोवर ते पुटपुटतात. 3 मीटरची वायर, त्यामुळे उठून पाणी प्यायला माठापर्यंत जाता येतं. पुढे जाड पिनेचा स्क्रूवाला कन्व्हर्टर. आधीच्या हेडफोनचा सैल कन्व्हर्टर ऐन समेवर एका कानाचा आवाज घालवायचा.

गाद्या मात्र याच्याही रेक्झिनच्याच. आईला दाखवलं. तिनं हेडफोन उलटापालटा करून बघितला, वडिलांचं एक जुनं मऊ धोतर काढलं आणि शिलाई मशिनवर दोन गोल टोप्या शिवल्या, मागे इलास्टिक घालून. डब्याच्या झाकणाचं माप घेऊन. वरचे सूर त्या कापडानं एक बोटभर मऊ झाले असतील. होऊ देत. 1910 च्या सुमारास अमेरिकेत नॅथनियल बाल्डविन नावाचा माणूस घराच्या स्वयंपाकघरात बसून तिथल्या नौदलासाठी हेडफोन बनवायचा, असं वाचलं होतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याच्या बायकोनं ओटा कसा वापरू दिला?’

सगळं जमलं. आता मी रात्री अकराला बसायचो आणि जगात कुणालाही न कळता तास-दीड तास वाजवायचो. चौथ्या दिवशी मावशींनी जिन्यात गाठलं.

‘काय रे, रात्री अकराले खल कुटतो का तू?’

मी म्हटलं, ‘नाही हो मावशी, पियानो वाजवतो. पण हेडफोन लावून.’

‘मंग ते ठकठक काय वाजून राह्यलं माह्या डोक्यावर?’

मला पटेना. वर येऊन ऐका म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणाल्या, आणि मी खरं बोलतोय की खोटं हे बघायला त्या काही थांबल्या नाहीत. संध्याकाळी नातवाच्या हाती एक जुनी गोधडी पाठवली. निरोप होता, खलाखाली काहीतरी मऊ ठेवतात तसं याच्यावर ठेवून कुट म्हणावं. गोधडीची चौघडी करून स्टँडच्या पायांखाली सरकवली, मावशींच्या समाधानासाठी.

त्याच आठवड्यात एका रात्री ऐन रंगात लाइट गेली. कूलर उतरत उतरत थांबला. पियानो गप्प, कानात काहीच नाही. पण बोटांना लाइटशी काय घेणं? ती समेपर्यंत पळतच राहिली, आणि त्या शांततेत जाळीतून पहिल्यांदाच मला माझा पियानो ऐकू आला. ठक, ठकठक, ठक. सूर नाही, राग नाही, नुसती लय.

खल कुटल्यासारखंच होतं.